चार बोटं जागा

माझ्या बापानं मला आयुष्यात दोनदाच मारलं, तेही एकाच दिवशी. पहिल्यांदा कापडात खोट पाडली म्हणून, आणि तासाभरानं ती झाकली म्हणून. दुसरा मार जास्त लागला.

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमचं घर नागपुरात, तांडापेठेत. घर म्हणजे काय, तर मागाच्या खड्ड्याभोवती जी जागा उरली तिच्यात आम्ही राहायचो. बाबा जेवायला उठले की मी खड्ड्यात पाय सोडून बसायचो आणि धोटा फेकायचो. त्या दिवशी ताण्याचा एक उभा धागा तुटला, तो मला दिसला नाही, आणि वीतभर कापड तसंच विणलं गेलं. केसाएवढी झिरी पडली. बाबांनी बघितली आणि एक ठेवून दिली. मग मी काय शहाणपणा केला, तर सुताला लावायची खळ बोटावर घेतली आणि झिरी बुजवून टाकली. वाळल्यावर काही म्हणता काही दिसेना. मी ऐटीत बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी कापडावरून अंगठा फिरवला आणि दुसरी दिली.

"खोट कोनाच्या बी हातून होते," ते म्हणाले. "झाकते तो चोर."

मग डब्यातून लाल सुताचा तुकडा काढून त्यांनी झिरीच्या समोर काठाला बांधला. नत्थूजींच्या, म्हणजे बाबांच्या, मालाची ही रीत होती. जिथं खोट, तिथं काठाला लाल धागा. गांधीबागेतले व्यापारी बाकीच्या विणकरांचं लुगडं घडी न् घडी उलगडायचे, उजेडात धरायचे, वास घ्यायचा राहायचा तेवढाच. बाबांच्या लुगड्याचा नुसता काठ बघायचे. धागा नाही तर खोट नाही. आमच्या गल्लीत लोक हसायचे. म्हणायचे, नत्थूजी आपलं नाक आपणच कापते आणि वर शेटजीच्या हातात नेऊन देते. बाबा ऐकायचे आणि धोटा फेकायचे.

मी विणकर झालो नाही. हात चित्रात बरा होता, शाळेतल्या मास्तरांनी दोन परीक्षा द्यायला लावल्या, आणि अठ्ठ्याहत्तर साली मी धरमपेठेत एका सरकारी ऑफिसात हातमागाच्या कापडाचे नमुने काढत होतो. ऑफिसचं नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. भाड्याचा बंगला होता, वरच्या मजल्यावर तीन टेबलं, आणि तीन टेबलांवर आम्ही तिघं टेम्पररी. बारीक चौकटीच्या कागदावर काठ नि पदर काढायचे. एक चौकट म्हणजे एक धागा. आम्ही रंगवायचं आणि विणकरांनी विणायचं.

तिघांतही आपापली खोट होती, आणि तिघांनाही एकमेकांची तोंडपाठ होती. कवडूजी वयानं मोठे, हात सोन्याचा, पण नमुना कधी होईल हे ब्रह्मदेवही सांगू शकला नसता. कधीही विचारा, "परवा." ते परवा दोन-दोन महिने चालायचं. रविंद्र सगळ्यांत लहान, बोलण्यात पटाईत, केसांचा कोंबडा काढणारा. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नसे. नमुने काढणाऱ्या माणसाला! गुपचूप माझ्या टेबलाशी यायचा आणि बाटली पुढं धरायचा. "बाबन भाऊ, हे मेंदी आहे का विटकरी?" मी सांगायचो. साहेबांना त्याचा पत्ता नव्हता.

आणि माझी खोट अशी, की मला जागा सोडता येत नव्हती.

हे ऐकायला काहीच वाटत नाही, मला ठाऊक आहे. फूल येतं, वेल येते, मोराची मान येते, रंग येतात, मग नुसतं काहीच न काढणं हे काय अवघड? पण नवा काठ काढला की मनोहरराव साहेब तो खिडकीपाशी नेऊन धरायचे. साहेब पुण्याकडून आलेले, हळू बोलणारे, चष्मा सारखा पुसणारे. म्हणायचे, "बाबनराव, काम सुंदर आहे. पण डोळ्यानं टेकायचं कुठं?"

"टेकाले काहून पाह्यजे, साहेब?" मी एकदा म्हणालो. "लुगडं आहे, धरमशाळा थोडीच आहे."

साहेब हसले. मग त्यांनी रबर घेतलं आणि माझ्या दोन फुलांमधली सगळी भर पुसून टाकली. चार बोटं जागा मोकळी झाली. "आता बघा," ते म्हणाले.

मी बघितलं, आणि तिथंच माझं नशीब फुटलं. फूल एकदम उठून दिसत होतं. ते आधी गर्दीत उभं होतं आणि आता त्याला कोणी तरी वाट करून दिली होती. मला ते दिसलं नसतं तर मी सुखात राहिलो असतो, म्हणालो असतो की पुण्याच्या माणसाला नागपुरी काठ काय कळतो. पण मला दिसलं. आणि दिसूनही हाताला जमेना. चार बोटं जागा सोडून मी पुढं सरकायचो, आणि थोड्या वेळानं बघतो तर तिथं एक बुट्टी बसलेली असायची. बारीकशी, पाच चौकटींची. माझ्याच हातानं काढलेली. रिकामी जागा बघितली की इथं धागा तुटला आहे आणि आता बाप येणार आहे असं वाटायचं. मी जागेवर काडीपेटी ठेवून बघितली. काडीपेटी होती तोवर जागा राहिली. सिगरेट पेटवायला कवडूजींनी ती उचलली आणि मी बुट्टी काढली. ऑफिसात माझं नाव पडलं 'भरतीवाले'. मी हसण्यावारी नेत होतो, पण घरी जाताना सायकलवर रोज हेच डोक्यात असायचं. पस्तिशी आली होती. दुसरं काही शिकायची हौस उरली नव्हती, एवढं एक यावं असं फार वाटायचं.

अशात मुंबईच्या वरच्या ऑफिसातून फॉर्म आला. चक्री छपाईचा, निळ्या शाईचा. साहेबांनी तिघांना बोलावून सांगितलं की नमुनाकारांसाठी सहा महिन्यांचं ट्रेनिंग निघणार आहे, ज्याला जे येत नाही ते शिकवणारी माणसं येणार आहेत, आणि कोणाला काय शिकवायचं ते ठरवायला हा फॉर्म आहे. टेम्पररी जागांचाही विचार होणार आहे. पहिले तीन प्रश्न नाव-गाव-वयाचे होते. चौथा होता, 'आपणांस सर्वाधिक कठीण जाणारे कौशल्य कोणते?' पाचवा, 'कोणत्या कौशल्यात सुधारणा करू इच्छिता? सविस्तर लिहावे.' त्याच्याखाली अर्धं पान कोरं.

मी तो प्रश्न दोनदा वाचला. असं मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

रविंद्रानं बसल्या बैठकीला फॉर्म भरला. चौथ्यासमोर 'नाही', पाचव्यासमोर 'नाही', आणि खाली सही.

"अन् रंग?" मी विचारलं.

"हळू बोला नं भाऊ! झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमी बी 'नाही' लिवा अन् मोकळे व्हा."

"पण शिकवणार आहेत म्हणतात. ताकाले जाऊन भांडं काहून लपवाचं?"

"ताक देतीन तवा देतीन," रविंद्र म्हणाला, "भांडं पहिले हिसकून घेतीन."

कवडूजींनी चष्मा वर करून आमच्याकडं बघितलं. त्यांनी लिहिलं होतं, 'इंग्रजी संभाषण'. "खोट अशी सांगावी बाबन," ते म्हणाले, "का ते आंगावर दागिन्यासारखी दिसली पाह्यजे." आयुष्यात त्यांनी वेळेत पुरं केलेलं ते पहिलं काम.

मी फॉर्म घरी नेला. बाबा मागावर होते. करवती काठाचं लुगडं चाललं होतं, ज्याच्या काठाला करवतीसारखे दाते असतात ते. तीन धोट्यांचं काम, प्रत्येक दात्याला धागा हातानं फिरवून घ्यायचा. गल्लीत हे विणणारे दोघंच उरले होते, बाकीचे पॉवरलूमवर किंवा रिक्षावर गेले. बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्यात पांढरं दिसत होतं, पण विचारलं की म्हणायचे, "मले सारं दिसते." धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला माझी बायको पुष्पलता बसायची आणि न विचारता रंग सांगत जायची. "हे लाल जी बाबा, हे काळं." त्यांनी कधी तिला गप्प केलं नाही, यावरून मला समजायला हवं होतं.

मी प्रश्न वाचून दाखवला. म्हणालो, "बाबा, खरं लिवू काय? बाकीच्यायनं तं काही लिवलं नाही."

बाबांनी धोटा मांडीवर ठेवला. "त्यायनं इचारलं नं, खोट कुठी हाये?"

"हो."

"मंग धागा बांध अन् दे. आपून दाखवली तं खोट राहते. दुसऱ्यानं काढली तं इज्जत जाते."

एवढं बोलून ते विणायला लागले. मी जमिनीवर पाट घेऊन बसलो आणि लिहिलं. कधी कोणाला न सांगितलेलं सगळं लिहिलं. रिकामी जागा पाहिली की माझा हात थांबत नाही. ती सोडल्यानं काम चांगलं होतं हे मला दिसतं आणि तरी जमत नाही. हे मला लहानपणापासून आहे. काडीपेटीचंही लिहिलं. मला शिकवावं, मी कुठंही यायला तयार आहे, असं लिहिलं. अर्धं पान भरलं. पानाच्या तळाशी चार बोटं जागा उरली होती. तिथं मी एक बुट्टी काढली.

दीड महिन्यानं साहेबांनी बोलावलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि माझा फॉर्म टेबलावर होता. पाचव्या प्रश्नाच्या प्रत्येक ओळीखाली कोणी तरी वरच्या माणसानं लाल पेन्सिल ओढली होती.

"ट्रेनिंग रद्द झालं," साहेब म्हणाले. "जागा दोनच मंजूर झाल्या. तिघांतला कमी कोण, असं वरून विचारलं होतं. मी उत्तर पाठवायच्या आत त्यांनी फॉर्म काढून बघितले."

मी त्या लाल रेघा बघत होतो.

"बाकी दोघांच्या कागदावर काही नाही, बाबनराव. तुमच्या कागदावर तुम्ही स्वतः लिहून दिलं आहे. सहीनिशी."

"साहेब, मले शिकाचं होतं म्हणून लिवलं."

"मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं. त्यांच्या वाईट वाटण्याचं मी काय करू? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ऐकलं होतं, मी तर हात दाखवून वर त्याच्यावर मेंदी काढली होती. रविंद्रानं 'नाही' लिहून जागा कोरी सोडली, कवडूजींनी दोन शब्द लिहून बाकी जागा सोडली. पूर्ण ऑफिसात ज्याला जागा सोडता आली नाही असा मी एकटा निघालो. फॉर्म भरताना ही परीक्षा आहे हे मला कळलंच नाही, आणि मी तिच्यात ज्याची कबुली देत होतो त्यातच नापास झालो.

रविंद्र फाटकापर्यंत आला. "बाबन भाऊ," तो म्हणाला, "आता हिरवं कोणतं ते मी कोणाले विचारू गा?" त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर धड रागावताही येईना.

घरी मी फक्त पुष्पलतेला सांगितलं. बाबांना नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होतो? सल्ला त्यांचा होता. सत्तर वर्षं ज्या एका गोष्टीवर माणूस उभा राहिला तिच्यामुळं पोराची नोकरी गेली, हे त्याला मागावर बसलेला असताना सांगायचं? मी रोज डबा घेऊन निघायचो. गांधीबागेत पॉवरलूमच्या कापडाच्या गाठी यायच्या, त्यांच्यावर पत्र्याचा साचा ठेवून आकडे रंगवायचं काम मला मिळालं. साचा ठेवायचा, ब्रश मारायचा, साचा उचलायचा. जागा किती सोडायची ते पत्र्यानं आधीच ठरवलेलं असायचं. संध्याकाळी हाताला डांबरी काळं लागलेलं असायचं, ते मी रॉकेलनं पुसून घरी यायचो. बाबा विचारायचे, "टरेनिंगची यादी लागली काय?" मी म्हणायचो, "लागन." दर आठवड्याला विचारायचे. मला त्या प्रश्नाची इतकी धास्ती बसली की गल्लीच्या तोंडाशी आलो की सायकलवरून उतरायचो आणि चालत यायचो, तेवढाच उशीर.

चैत्रात करवती लुगडं पुरं झालं. बाबांनी स्वतः घडी घातली. गुडघे धरल्यामुळं ते बाजारात जात नव्हते, म्हणून लुगडं मधुकररावांच्या दुकानी मीच नेऊन द्यायचं होतं. मधुकरराव गांधीबागेतले जुने कापडवाले, बाबांचा माल चाळीस वर्षं घेणारे.

"सारं पाह्यलं मी," बाबा म्हणाले. "बोट फिरवून पाह्यलं. कुठी खोट नाही. धागा लागत नाही."

ते मोरीकडं गेले तेव्हा मी सहज घडी उलगडली. पदराच्या अलीकडं, उजव्या काठाला, चार बोटं दाते नव्हते. तेवढ्या भागात लाल न् काळं नुसतं सरळ गेलं होतं. बोटाला लागेल असं ते नव्हतंच, डोळ्यालाच दिसणारं होतं. तोंडातले दात पडल्यावर दिसतं तसं दिसत होतं. पुष्पलता मागं येऊन उभी राहिली होती.

"अजी, धागा बांधा नं," ती हळूच म्हणाली.

"बांधला तं बाबाले समजन."

"अन् नाही बांधला तं?"

मी डब्यातून लाल धागा घेतला. काठाशी नेला. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात बापाची माया होती तेवढीच दुसरीही एक गोष्ट होती. मी एकदा धागा बांधून बघितला होता. कागदभर बांधला होता. त्याचं काय झालं ते मला ठाऊक होतं आणि या घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. मी धागा खिशात टाकला आणि घडी होती तशी घातली. चार बोटं जागा मी रिकामी सोडली. 

दुकानात मधुकररावांनी लुगडं मांडीवर घेतलं. "नत्थूजी कसे आहेत?"

"बरे आहेत."

त्यांनी घडीच्या दोन्ही काठांवरून अंगठा नेला, लाल धागा लागतो का ते बघायला. लागला नाही. लुगडं त्यांनी तसंच मागच्या फळीवर ठेवलं, न उघडता. मला वाटलं आता उघडतील. मी उभा राहिलो. मनातून म्हणत होतो, उघडा हो, एकदा उघडा.

"अजून काही काम होतं काय?" मधुकररावांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

घरी बाबांनी पहिला प्रश्न तोच केला. मी म्हणालो, "उघडलं बी नाही त्यायनं." बाबांचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं. "म्हंजे डोये हायेत अजून," ते पुष्पलतेला म्हणाले, "काय वं? तू उगाच लाल-काळं करत बसतं." दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा ताणा लावला. पुढचे दोन-अडीच महिने ते गुणगुणत विणायचे. मी तेवढे दिवस स्वतःला सांगत होतो की बरंच केलं.

नवं लुगडं झालं तेव्हा त्यांनी हट्ट धरला की या खेपेला मी स्वतः नेणार. सायकलरिक्षा केली. मी सोबत गेलो, न जाऊन करतो काय. मधुकररावांनी बाबांना हात धरून गादीवर बसवलं, पाणी दिलं. मग लुगडं हातात घेतलं आणि काठावरून अंगठा नेला नाही. उलगडायला लागले. एक घडी, दुसरी, तिसरी. दुकानात गिऱ्हाइकं होती, ती बघायला लागली. बाबांना कापड उलगडल्याचा आवाज येत होता. चाळीस वर्षांत त्या दुकानात त्यांच्या मालाचा तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"काय झालं, मधुकररावजी?" ते म्हणाले.

"मागच्या लुगड्यात चार बोटं दाते नव्हते, नत्थूजी. उमरेडच्या लोकायनं पोरीच्या लग्नाले नेलं होतं, तिथी मांडवात बायायनं पाह्यलं. वापस आणलं त्यायनं." मधुकरराव खाली बघून बोलत होते. "खोटीचं काही नाही, वय झालं. पण धागा नव्हता. मले काही म्हणाचं नाही."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "पाहा. पाह्याचंच. बराबर हाये." आणि मधुकरराव शेवटच्या घडीपर्यंत उलगडेपर्यंत ते हात जोडल्यासारखे बसून राहिले. त्या लुगड्यातही दोन ठिकाणी दाते नव्हते. मधुकररावांनी ते नीट घडी घालून परत दिलं.

येताना रिक्षात लुगडं त्यांच्या मांडीवर होतं. गोळीबार चौकाच्या अलीकडं ते म्हणाले, "बाबन, तुले दिसलं होतं काय?"

 रिक्षावाला घंटी वाजवत होता. बाबांनी चौक येईपर्यंत वाट बघितली.

"फारम बी असाच भरला काय रे तू?"

हे मात्र मला सहन झालं नाही. "नाही बाबा," मी म्हणालो. "फारम खरा भरला. सारं लिवलं. म्हणून तं काढलं मले. चार महिने झाले. गाठीवर नंबर टाकून राहिलो मी."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. दिसत काही नसावं, पण बघत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, चुकलं माझं. किंवा तिसरी थोबाडीत देतील. मला दोन्ही चाललं असतं. त्यांनी लुगडं छातीशी धरलं आणि घर येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी गाठींवरून परत आलो तेव्हा माग बंद होता. दारात पुष्पलता उभी होती, तिनं नुसती आत मान हलवली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, पुढ्यात काल परत मिळालेलं लुगडं पसरलं होतं आणि बाजूला लाल सुताची रिकामी कांडी पडली होती. दिवसभर ते काठाला धागे बांधत होते. एक धागा, चार बोटं मोजायची, दुसरा धागा. खोट नेमकी कुठं आहे हे दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळीकडं बांधले होते. नऊ वार लुगड्याचे दोन्ही काठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल.

मी पाय न वाजवता आलो तरी त्यांना कळलं.

"बाबन, पाह्य बरं गा," ते म्हणाले आणि काठ चाचपत माझ्यापुढं सरकवला. "कुठी जागा सुटली तं नाही?"

मी खाली बसलो. काठ हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. घाई केली नाही.

"नाही बाबा," मी म्हणालो. "कुठंच सुटली नाही."